उष्णतारोधक आणि अग्निरोधक

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगनगरी वसलेली आहे. १९७० नंतरच्या दशकात कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या संस्थेने ३३२ एकर जमिनीवर तिचा पाया घातला. आज तेथील काचेच्या इमारतींत असंख्य माणसे यंत्राने गार केलेल्या हवेत दिवसभर काम करीत असतात. असा गारवा टिकवावयाचा, तर छपरात, भिंतींत आणि थंड हवेच्या डक्टभोवती उष्णता अडविणारे अस्तर घालावे लागते. आधुनिक बांधकामात या कामी पॉलियुरेथेनचा फोम किंवा थर्माकोल पुष्कळ वापरतात.

फोम म्हणजे गोठलेला फेस होय. त्याच्या बारीक पेशींत वायू कोंडलेला असतो आणि त्यामुळे उष्णता पलीकडे जात नाही. परंतु हाच गुण आगीच्या वेळी वैरी ठरतो. ज्वाळेची उष्णता आत मुरत नाही. पृष्ठभाग क्षणात तापतो व पेट घेतो. थर्माकोल वितळून जळते थेंब गाळतो, तर पॉलियुरेथेनच्या काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. तात्पर्य, उष्णतारोधक म्हणजे अग्निरोधक नव्हे.

२० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका नाचघरात याचा दारुण प्रत्यय आला. आवाज शोषण्यासाठी भिंतींवर उघडाच चिकटविलेला फोम शोभेच्या दारूने पेटला आणि १०० माणसे प्राणांस मुकली.

म्हणूनच फोम उघडा ठेवू नये, हा अग्निसुरक्षेचा पहिला धडा होय. अमेरिकेतील इमारत-नियमांनुसार खोली व फोम यांच्यामध्ये सामान्यतः १२.७ मिलिमीटर जाडीचा जिप्समचा तक्ता, अथवा १५ मिनिटांच्या कसोटीस उतरलेले तत्सम आवरण असावे लागते. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्याचा असतो. ते पाणी वाफ होऊन निघून जाईपर्यंत आगीची उष्णता त्यातच खर्ची पडते. उष्णतेने फुगणारे लेपही मिळतात. मात्र ज्या फोमवर व ज्या जाडीने लेप तपासला असेल, तेवढ्यापुरताच त्याचा भरवसा धरावा. फोममध्ये मिसळलेली ज्वालारोधक द्रव्ये पेट लांबवितात, टाळीत नाहीत.

दुसरा धडा बंगळूरनेच दिला आहे. २३ फेब्रुवारी २०१० रोजी कार्लटन टॉवर्समध्ये विजेच्या डक्टमधील आगीचा धूर मजल्यामजल्यांवर पसरला आणि ९ जण दगावले. तेथे प्रश्न फोमचा नव्हता, धुराच्या वाटेचा होता. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेचा चौथा भाग अग्निसुरक्षेस वाहिलेला आहे. डक्ट जेथे मजला भेदून जाते, तेथील फट अग्निरोधक द्रव्याने बुजविण्यावर त्यात भर आहे.

उत्तम आवरणही एका भोकाने निकामी होते. नवी केबल टाकण्यासाठी कारागीर तक्ता फोडतो आणि काम उरकून निघून जातो. यास्तव छत बंद होण्यापूर्वी एकदा व प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा, अशी तपासणी झाली पाहिजे. आवरण आग विझवीत नाही. ते केवळ काही मिनिटे मिळवून देते. पण वरच्या मजल्यावरील माणसाला जिना उतरण्यास तेवढीच मिनिटे लागत असतात.