251 च्या पुढं

लातूरच्या आडत बाजारात मी सोयाबीनसाठी गेलो नव्हतो. नांदेडच्या मित्रानं सांगितलं होतं, तिथल्या एका आडतीवर एक म्हातारे मुनीम दुपारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत बसतात, तेही शेवटच्या पानाकडून. त्या ‘शेवटच्या पानाकडून’नं मला ओढून नेलं.

सौदा आटोपला होता. काका गादीवर, मांडीवर छापून आणलेला अहवाल, शेजारी सुपात सोयाबीनचा नमुना. पोत्यांची धूळ नाकात बसत होती. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला. कट्ट. “वाजला म्हंजी वाळलेला. बारा टक्क्यांच्या वर ओल निघाली की भाव कापला.” आणि पान उलटलं.

“पहिल्या शंभर मोठ्या, अडीचशेपर्यंत मधल्या. आपलं काम दोनशे एक्कावन्नच्या पुढं.” ही सेबीची 2017 सालची कंपन्यांची वर्गवारी, बाजारमूल्यानुसार. काकांच्या तोंडी मात्र 251 म्हणजे गावाची शीव असावी तसं. त्या यादीच्याही पार तळाशी मोठे फंड फिरकत नाहीत. त्यांनी घ्यायला हात घातला तर भावच उडेल. म्हणून तिथं चुकलेला भाव बराच काळ चुकलेलाच राहतो.

त्यांचा हिशेब गुंतवणूकगुरू बेंजामिन ग्रॅहमचा, पण लिहितात आडतीच्या कोऱ्या पट्टीवर. रोकड, माल, येणं यांची बेरीज. त्यातून झाडून सगळं देणं वजा. शेअरमागं 90 रुपये उरले तर दोन-तृतीयांश, म्हणजे 60 च्या आत मिळाला तरच घ्यायचा. प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर, नातलगांच्या कंपन्यांशी व्यवहार, लेखापरीक्षकाचा शेरा हे ते भराभर बघतात. अडतात ते येण्याच्या पानावर. पंप बनवणाऱ्या एका कंपनीची विक्री तीन वर्षं जागच्या जागी, येणं दुप्पट. “उधारीवर माल ढकललाय. हे वाजत नाही.” अहवाल बाजूला. पाऊण तासात सातपैकी सहा असेच गेले.

मी विचारलं, कंपनीकडं भरपूर जमीन असेल तर?

“तुमच्या नांदेडची उस्मानशाही मिल आठवा की.” निजामाच्या काळातली ती गिरणी 1974 च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडं गेली, पुढं भोंगाही थांबला. “जमीन पुस्तकात असती. आपल्या ताटात ती वाढणार कोण?”

एका शेअरचे पाचपट झाले, हे त्यांनी न विचारता सांगितलं. बुडालेले किती, हे मला विचारावं लागलं. “चार,” म्हणाले आणि दाणा तोंडात टाकला. त्या चारांची येणीसुद्धा त्यांनी तपासली असणारच. म्हणून त्यांच्या पेन्सिलीवर माझा जेवढा विश्वास बसला, तेवढा त्या धंद्यावर बसला नाही.

साडेतीनला बाजार बंद झाला. काकांनी फोन माझ्याकडं वळवला. 251 च्या पुढच्याच एका कंपनीचे 200 शेअर विकायला लावलेले. भाव पाच टक्के खाली जाऊन खालच्या सर्किटला अडकलेला, घेणारा एकही नाही. बाहेर हमाल दुसऱ्या कुणाची तरी पोती ट्रकवर चढवत होते.

“किती दिवस झाले?”

“आज अकरावा.” पट्टीच्या कोपऱ्यात त्यांनी 10 खोडून 11 केलं आणि हमालांना वाट द्यायला पाय आखडून घेतले.