एकशे सत्तावीस दाते

निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेला जातात, बाग फुलवतात, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. मी एक जुना लेथ विकत घेतला. पुण्यातल्या घराच्या गॅरेजमध्ये मोटारीच्या जागी तो बसला, तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, ‘‘कादंबऱ्या लिहून लोकांना दिलेला त्रास पुरला नाही वाटतं!’’

लेथ इंची मापाचा. त्याच्या लीडस्क्रूला इंचात आठ आटे. मला पाडायचे होते मिलिमीटरचे आटे. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर; दात्यांच्या भाषेत सांगायचे तर 127 भागिले 5. आता 127 ही मूळ संख्या. तिचे तुकडे पडत नाहीत. त्यामुळे 127 दात्यांचे चाक असल्याशिवाय हा हिशेब तंतोतंत जुळत नाही. बरेच जण 63 दात्यांच्या चाकावर भागवतात. मीटरमागे मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढा फरक राहतो. पण एका पैशाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत खातेवह्या चाळलेल्या माणसाला ‘जवळपास’ हा शब्द पचत नाही.

अर्थात, हे कारण चारचौघांत सांगण्याचे. खरे कारण निराळे आहे.

1992 साली मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगराच्या जवळच्या एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. एक मिस्त्री अठरा हजारांचा अर्ज घेऊन आले. अडनिड्या दात्यांचे गिअर कापण्यासाठी त्यांना एक जुने यंत्र घ्यायचे होते. उदाहरण म्हणून त्यांनी 127 चा आकडा सांगितला. ‘‘असली चाकं लागतात कुणाला?’’ मी विचारले. ते म्हणाले, ‘‘साहेब, रोज कुणालाच लागत नाहीत. पण ज्याला लागतं, त्याचं त्यावाचून अडतं.’’ मी फाइलवर शेरा मारला : ‘मागणी मर्यादित. शिफारस नाही.’

पुढे महिनाभराने त्यांच्या शेडवरून जाताना दिसले, की ते एका लाकडी चकतीवर कागदाची पट्टी चिकटवत आहेत. मी थांबलो. त्यांनी काहीही कडवटपणा न दाखवता सगळे समजावून सांगितले. मी मान डोलावली. समजले काहीच नव्हते.

ते समजायला तीस वर्षे लागली. गिअर कापताना चकती दर दात्याला नेमकी तेवढीच फिरावी लागते. ते काम डिव्हायडिंग हेड करते. त्याच्या मुठीचे 40 फेरे झाले, की चकतीचा एक फेरा होतो. मात्र माझ्याकडच्या हेडसोबत आलेल्या तबकड्यांवर 127 भोके कुठेच नव्हती. मग मिस्त्रींची युक्ती आठवली. कागदाच्या पट्टीवर पाच-पाच मिलिमीटरवर रेघा मारल्या. 127 घरांची लांबी भरली 635 मिलिमीटर, म्हणजे बरोबर 25 इंच! पट्टीची दोन टोके जुळतील अशी 202 मिलिमीटर व्यासाची प्लायवुडची चकती केली, तिच्या कडेला पट्टी चिकटवली आणि रेघ तिथे भोक पाडले. ही चकती मुठीच्या दांड्यावर बसवायची आणि दर दात्याला 40 घरे पुढे सरकायचे. गंमत अशी, की हाताने पडलेली चूक पुढे जाताना चाळिसांत वाटली जाते. माझे एखादे भोक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तरी गिअरवर ती चूक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी उरते. चूक कुठे करावी हे कळणे हीही एक विद्या आहे.

मी ती नको तिथे केली. बिडाची 129 मिलिमीटरची चकती बांधली, दोन दिवस दाते कापले. शेवटचा दाता झाला आणि पाहतो तो सव्वातीन दात्यांची जागा शिल्लक! खुंटी ज्या भोकात आधीच होती, तेही मी ‘एक’ म्हणून मोजत होतो. दर वेळी 39 घरेच सरकत होतो. ठेवीचे व्याज काढताना ठेवल्याचा दिवस धरायचा आणि काढल्याचा सोडायचा, हे नव्या कारकुनांना मीच शिकवत असे. कादंबरीतले फसलेले प्रकरण फाडून पुन्हा लिहिता येते. कापलेला दाता परत चिकटत नाही.

मग काही दिवस गॅरेजकडे फिरकलो नाही, वाचत बसलो. 1901 साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्राच्या तळातून एक काशाचे यंत्र निघाले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यातही 127 दात्यांचे चाक होते, असे अभ्यासक मानतात. एकोणीस वर्षांत 235 चांद्रमास बसतात. म्हणून तर आपल्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख बहुधा पुन्हा गाठ घेतात. तेवढ्या काळात चंद्र नक्षत्रांतून 254 फेऱ्या मारतो. त्याचे निम्मे 127. तिथे सूर्य आणि चंद्र, इथे इंच आणि मिलिमीटर. ज्यांचे एकमेकांशी जमत नाही अशा दोन मापांची गाठ घालणारे हे चाक. आणि मी लिहिले होते, ‘मागणी मर्यादित’.

दुसरे चाक जमले. दोन्ही पिशवीत घालून कोल्हापूरला गेलो. मिस्त्री आता ऐंशीच्या पुढे आहेत. शेड मुलगा पाहतो. त्यांना तो शेरा सांगितला. ‘‘ठाऊक होतं,’’ ते म्हणाले. मी गप्प झालो. त्यांनी चांगल्या चाकाच्या दात्यांवरून अंगठा फिरवला.

‘‘कितव्यांदा जमलं?’’

‘‘दुसऱ्यांदा.’’

‘‘मला तिसऱ्यांदा जमलं होतं.’’

निघताना त्यांनी एक चाक मागून घेतले. बिघडलेले. मुलाला सांगून ते दारासमोरच्या खिळ्याला अडकवले. म्हणाले, ‘‘नवीन पोरं येतात कामाला. त्यांना हे आधी दाखवायला पाहिजे.’’