खांदेरीच्या उरावर बसलेली उंदेरी

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात दोन बेटे दिसतात. लांबचे, दोन टेकड्यांचे आणि माथ्यावर दीपस्तंभ असलेले ते खांदेरी. अलीकडचे, पाण्यातून जेमतेम डोके वर काढलेले ते उंदेरी. होडी ठरवतात ती खांदेरीची. तिथे वेताळाचे देऊळ आहे, ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा दगड आहे, चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा आहेत. उंदेरीवर माणूस राहत नाही. उतरायला धक्काही नाही. समुद्र शांत असेल तर शेवाळलेल्या खडकांवरून तोल सावरत चढायचे. आत ढासळता तट, बुरुजांवर झाडोऱ्यात लोळत पडलेल्या तोफा आणि पावसाचे पाणी साठवायचे हौद. एवढ्याशा काळ्या खडकावर कुणी किल्ला का बांधला असेल, हा प्रश्न तिथे पडतोच. त्याचे उत्तर खांदेरीत आहे.

खांदेरीवरून मुंबई बंदरात शिरणारे प्रत्येक गलबत दिसते. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये तिथे तटबंदीचा प्रयत्न केला, पण इंग्रज आणि सिद्दी आडवे आले. १६७९ च्या ऑगस्टमध्ये, पावसाळा पुरता सरला नसताना, मायनाक भंडारी माणसे घेऊन बेटावर उतरला आणि काम सुरू झाले. इंग्रजांनी आधी हरकत घेतली, मग जहाजे धाडली. सप्टेंबरच्या चकमकीत त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला, तेव्हा इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ फ्रिगेट मात्र रिचर्ड केग्विनने नेटाने लढवले आणि मराठी गलबतांना नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली.

म्हणजे त्या दिवशी सरशी इंग्रजांची झाली, हे मान्य करायला हरकत नसावी. आपल्याकडे दरवेळी विजयाचाच नगारा वाजतो. खरी करामत पुढची आहे. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजे जागच्या जागी डुलत राहायची आणि उथळ तळाची मराठी होडकी वल्ह्यांच्या जोरावर रात्रीतून दाणागोटा पोचवून यायची. तट वाढत राहिला. लढाई जिंकूनही इंग्रजांना वेढा काही आवळता आला नाही.

ही नस ओळखली ती सिद्दी कासमने. जानेवारी १६८० मध्ये त्याने उंदेरी ताब्यात घेतली आणि तिथे तोफा चढवल्या. उंदेरी नेमकी खांदेरी आणि थळ यांच्या मध्ये येते. रसद जायची तीच वाट. दौलतखानाने त्याच महिन्यात तिच्यावर चाल केली. ती फसली आणि तो स्वतः जखमी झाला. मार्चमध्ये इंग्रजांनी तह करून खांदेरीचा नाद सोडला, पण सिद्दी उंदेरीवरून हलला नाही. संभाजी महाराजांच्या माणसांनी बेटावर उतरून केलेला हल्लाही त्याने परतवला. पुढे खांदेरी कान्होजी आंग्र्यांकडे आली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून तिच्यावर चालून आला आणि हात हलवत परतला. उंदेरी मराठ्यांना मिळायला मात्र १७६० साल उजाडले. तोवर ऐंशी वर्षे लोटली होती.

माझ्या मते हे दोन किल्ले नसून एकाच डावाच्या दोन सोंगट्या आहेत. खांदेरीचा अर्धा इतिहास उंदेरीवर पडून आहे. तरीही १९९८ मध्ये खांदेरीला कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळाले, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले तेव्हा त्यात खांदेरी आली, आणि उंदेरी दोन्ही वेळा बाहेरच राहिली. सिद्दीने बांधलेला किल्ला मराठ्यांच्या यादीत कसा घ्यायचा, ही अडचण समजू शकते. पण खारा वारा लोखंड कुणाचे आहे ते पाहत नाही. उंदेरीवरच्या तोफांची मोजमापे, तटाचे नकाशे आणि हौदांची पाहणी हे काम तरी पुरातत्त्व खात्याने आणि दुर्गप्रेमी संस्थांनी हाती घ्यावे. त्यासाठी युनेस्कोच्या शिक्क्याची गरज नाही.