बफेलो नदीत गळ टाकण्याआधी

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातली बफेलो नदी 1972 मध्ये त्या देशाची पहिली 'राष्ट्रीय नदी' ठरली. तिच्यावर धरण नाही, सगळा खेळ पावसाचा. त्यामुळे छोट्या होडीतून प्रवाहाबरोबर जात मासेमारी करायची, तर नियोजन पाण्यापासून सुरू होतं. पॉन्का ते प्रुइट हा वरचा टप्पा अतिशय देखणा, पण होडीला पाणी मिळतं ते मुख्यतः वसंतात. उन्हाळ्यात तिथले खडक उघडे पडतात. तेव्हा टायलर बेंड या ठिकाणाच्या खालचा भाग बरा. जलमापकांचे ताजे आकडे इंटरनेटवर मिळतात. पाणी चढत असेल तर होडी नदीत घालूच नये.

अंतर कमीच ठरवावं. नुसता वल्हवणारा दिवसात 15-16 किलोमीटर आरामात जातो. गळ टाकणाऱ्याला त्याच्या निम्मंही पुरतं, कारण चांगला डोह लागला की तासभर तिथेच मोडतो. उतरण्याच्या जागी गाडी आधीच पोचवलेली असावी. मासेमारीचा परवाना लागतोच.

उथळ धारेत पाणी वाचता येणं सगळ्यांत मोलाचं. प्रवाहाच्या दिशेला टोक असलेला गुळगुळीत त्रिकोण म्हणजे मोकळी वाट. टोक प्रवाहाच्या उलट दिशेला असेल तर तिथे खडक दडलेला. होडी आडवी होऊन खडकाला टेकलीच, तर खडकाच्याच बाजूला झुकावं. उलटं झुकलं की पाणी आत शिरतं. अशाच खडकांच्या आडोशाला, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर स्मॉलमाउथ बास हा मासा दबा धरून असतो. झिंग्यासारखं दिसणारं आमिष तळालगत सोडावं.