काळ्या मातीत हवा किती?

श्रावणात रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यावर गेलो होतो. घड भरायला आलेला रिकामा ट्रक बांधाजवळ मागच्या चाकांनी रुतला. रेस दिली की चाकं जागच्या जागी फिरत आणि आणखी खाली जात. कुणी धोंडे आणायला निघालं, कुणी ट्रॅक्टर बोलवायला. ड्रायव्हर म्हणाला, "थांबा भाऊ, आधी हवा काढू." त्याने व्हॉल्वची टोपी काढली आणि खिळ्याच्या टोकाने आतली पिन दाबून धरली. बराच वेळ नुसता फुस्स आवाज. टायरचं पोट हळूहळू पसरलं. मागच्या चारही टायरांची हवा अशी उतरवून त्याने पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडला, आणि ट्रक डुलत डुलत बाहेर आला. मी बघतच राहिलो.

तोवर माझी समजूत अशी, की ट्रकचं वजन रबर पेलतं. खरं तर ते बहुतांशी आतली हवा पेलते. समजा, एका चाकावर २,००० किलो भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस इंचाला १०० पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो दाब. मग टायर जमिनीला साधारण २८५ चौरस सेंटिमीटर एवढाच टेकतो. वहीच्या एका पानाहूनही कमी! हवा ३५ पौंडांवर आणली, की हाच ठसा जवळपास तिप्पट होतो आणि मातीवरचा दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. त्यातही नवल असं, की हा ठसा रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो. घटकाभर चाकाचा रणगाड्यासारखा पट्टा होतो.

आमच्या तापीकाठच्या मातीला हे फार लागू पडतं. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात. पावसाचं पाणी पापुद्र्यांमध्ये शिरतं, माती फुगते, लोण्यासारखी होते. उन्हाळ्यात तीच आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती टायरच्या नक्षीत बसली, की नवा टायरही गोटा. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला जाड, तिरके, एकमेकांपासून लांब असलेले दात असतात: चाक फिरताना दातांमधला चिखल बाहेर फेकला जावा. वाळवंटात मात्र हेच दात घात करतात, वाळू उकरून गाडी पुरतात. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश फौजेने वाळूसाठी दात नसलेले टायर वापरले. एकच सर्वोत्तम टायर असा नसतोच. आधी जमीन विचारायची.

पण फौजेला एकाच दिवसात डांबर, चिखल, वाळू सगळं ओलांडायचं असतं. दर वेळी खिळा घेऊन कोण बसणार? १९४२ साली अमेरिकेत तयार झालेल्या डक या सहाचाकी जलस्थल ट्रकमध्ये ड्रायव्हरला बसल्या जागेवरून टायरांची हवा कमी-जास्त करता यायची. समुद्रातून वाळूवर चढताना कमी, रस्त्याला लागल्यावर जास्त. पुढे सोव्हिएत झिल-१५७ ट्रकमध्येही तशीच सोय आली. आमच्या ड्रायव्हरची ती युक्तीच यंत्रात बसवलेली!

वरणगाव-भुसावळकडे आयुध निर्माण्या आहेत, त्यामुळे महामार्गावर लष्करी ट्रक दिसतात. पुढच्या वेळी मागची चाकं निरखा. मालवाहू ट्रकला मागे जोडचाकं असतात, अनेक लष्करी ट्रकांना मात्र एका बाजूला एकच मोठं चाक. कारण मराठीत आधीपासूनच आहे: चाकोरी. पुढचं चाक माती दाबून चाकोरी पाडतं, मागचं एकेरी चाक त्याच दाबलेल्या वाटेने येतं. जोडचाकाला शेजारची कोरी माती नव्याने दाबावी लागते, शिवाय दोन टायरांच्या मध्ये दगड अडकतात. बैलगाडी याच न्यायाने चालते. दुसरी गाडी पहिलीच्या चाकोरीतून जाते. तिचं चाक उंच असतं तेही उगाच नव्हे. व्यास मोठा असला, की खड्डा चाकाला छोटा होतो. लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव हा आपला जुना टायरच, पण कडक आणि अरुंद. आषाढात ती माती कापतच जायची.

धाव न बदलता येणारी, टायरची हवा बदलता येणारी. पण ती परत भरायला विसरलं तर घात. मळ्याबाहेर डांबर लागताच आमच्या ड्रायव्हरने ट्रक चालण्याच्या वेगावर आणला. कमी हवेचा टायर दर फेरीला दुमडतो, दुमडल्याने तापतो; वेग आणि भार वाढला तर फुटतो. पंक्चरच्या दुकानाशी थांबून त्याने आधी प्रत्येक टायरच्या गालाला तळहात लावून बघितला, मग कॉम्प्रेसरची नळी ओढली. चारही चाकांची हवा मोजून झाल्यावर व्हॉल्वच्या टोप्या एकेक करून पुसल्या आणि घट्ट बसवल्या. तोवर मळ्यातून केळी भरलेली पहिली ट्रॉली रस्त्याला लागली होती.