आसवनीचें सांडपाणी शेतास द्यावें कीं न द्यावें?

वाघोली गांव 2021 सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलें, व आमच्या शिवारांत आतां पिकांपेक्षां इमारतीच अधिक उगवतात. माझ्या मेहुण्यांचा ऊस मात्र अद्याप नीरेकांठीं आहे. त्यांस एका टँकरवाल्यानें सांगितलें कीं, आसवनीचें काळें पाणी फुकट आणून शेतांत सोडतों, खताचा खर्च वांचेल. त्यांनीं मजला सल्ला विचारला. तोच येथें वाचकांपुढें ठेवितों.

पेट्रोलांत मिसळावयाचें इथेनॉल मळीपासून काढतांना एका लिटरामागें सुमारें 8 ते 15 लिटर तांबूस काळें पाणी मागें उरतें. त्यास स्पेंटवॉश म्हणतात. तें आंबट असतें, आणि त्यांतील सेंद्रिय पदार्थ कुजतांना पाण्यांतील प्राणवायु इतका शोषून घेतात कीं, ओढ्यांत सोडल्यास मासे मरतात. पण उसानें जमिनींतून उचललेलें पालाश ह्याच पाण्यांत उतरतें, हेंहि तितकेंच खरें. आपल्या देशास पोटॅश बहुतेक सर्व परदेशांतून आणावें लागतें. तेव्हां हें पाणी केवळ घाण म्हणून टाकून देणें शहाणपणाचें नव्हे. ब्राझील देशांत उसाच्या मळ्यांस असें पाणी फार वर्षांपासून देतात. मात्र साओ पाउलो प्रांतांत जमिनींत आधीं किती पालाश आहे तें तपासून मात्रा ठरवावी लागते.

घोटाळा होतो तो ह्या मात्रेंतच. ह्या पाण्यांत पालाश शेंकडा 1 च्या आसपास धरिलें, तर 10,000 लिटरांच्या एका टँकरांत सुमारें 100 किलो पालाश आलें. सुरू उसास शिफारस हेक्टरीं 115 किलोची, म्हणजे एकरीं 46 किलोची आहे. एका एकरांत एक टँकर रिता केला कीं दुपटीहून अधिक पालाश पडलें. टँकरवाला तर दहा रिते करावयास तयार असतो! त्याबरोबर इतर क्षारहि येतात. भारी काळ्या जमिनींत निचरा नसेल तर ते वरच राहतात. नीरा डाव्या कालव्याखालीं नुसत्या अतिपाण्यानें जमिनी क्षारपड झाल्या, हें त्या भागांतील जुन्या माणसांस सांगावयास नको.

मीं महसूल खात्यांत कारकून असतांना एका विहिरीच्या पंचनाम्यास गेलों होतों. वरच्या अंगास एका कारखान्यानें अस्तर न घालतां तळें खणून हें पाणी सांठविलें होतें. विहिरींतून बादली वर काढली तों बिनदुधाच्या चहासारखें पाणी. बैल तोंड लावीनात. पंचनाम्यांत आम्हीं “पाण्यास रंग व वास” इतकेंच लिहिलें, आणि सातबाऱ्यावर विहीर पूर्वीप्रमाणेंच राहिली. त्या शेतकऱ्याची मुद्रा मजला अजून आठवते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2003 च्या सनदेंत प्रेसमडाबरोबर कंपोस्ट करणें, आटविणें व प्रक्रिया केलेलें पाणी शेतीस देणें हे मार्ग होते. पुढें धोरण कारखान्याबाहेर थेंबहि न सोडण्याकडे वळलें. आतां पुष्कळ ठिकाणीं पाणी आटवून बॉयलरांत जाळतात, व राखेपासून पोटॅश खत करितात. 2021 पासून शेंकडा 14.5 पालाशाच्या ह्या खतास केंद्राच्या अनुदानांत स्थान आहे. पोतें तोलतां येतें, टँकर तोलतां येत नाहीं. म्हणून माझा कौल पोत्यास, किंवा चांगल्या कुजलेल्या कंपोस्टास आहे.

मेहुण्यांस मीं इतकेंच लिहिलें: कच्चें पाणी बांधाच्या आंत येऊं देऊं नये. प्रक्रिया केलेलें म्हणून कोणी देऊं करील, तर मंडळाची लेखी परवानगी पाहावी, माती व विहिरीचें पाणी आधीं तपासून घ्यावें, आणि उभ्या पिकांत तर मुळींच सोडूं नये. मांजरी बुद्रुक येथें वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तेथील जाणत्यांस एकदां विचारावें. त्यांचें उत्तर आलें कीं, टँकरवाल्यास परवानगीचा कागद मागितला, तो उद्यां आणतों म्हणून गेला, त्यास आतां तीन आठवडे झाले.