आरशासमोरची कान्होपात्रा

आपल्या घरातील आजींनी अलीकडे आरशात पाहणे सोडले आहे का? लग्नाचे आमंत्रण आले की ‘मला या अवतारात कशाला नेता?’ असे त्या म्हणतात का? मुळशी तालुक्यात, पौड-कोळवणच्या परिसरात, ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या भजन आहे तेथे या उद्गारापाठोपाठ पुष्कळदा दुसरा येतो : ‘विठ्ठला, आता ने!’ घरातील मंडळी याला वैराग्य समजतात. काही वेळा ते वैराग्य नसते. आपल्याच देहावरचा रुसवा असतो. हा भेद जाणण्यास एक जुने संगीत नाटक साहाय्य करील.

ना. वि. कुलकर्णी यांचे ‘संगीत कान्होपात्रा’ हे नाटक १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कान्होपात्रा ही मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची मुलगी. तिचे रूपच तिच्यावरचे संकट ठरले. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने पंढरपूरच्या विठ्ठलाचा आश्रय घेतला आणि त्याच्या चरणी देह ठेवला, असे परंपरा सांगते. तो शेवट जुलमामुळे ओढवलेला. तो कोणी गिरवावयाचा धडा नव्हे. घ्यावयाचे ते एवढेच, की माझे मोल माझ्या रूपावर ठरणार नाही, हे तिने जाणले होते.

ही भूमिका केली बालगंधर्वांनी. १८८८ चा त्यांचा जन्म. म्हणजे तेव्हा चाळिशी उलटलेली होती. एके काळी घरोघरच्या स्त्रिया त्यांच्या लुगड्याची, केशभूषेची ढब उचलीत. उतारवयात त्यांचे पाय लुळे पडले. ज्या देहसौष्ठवावर महाराष्ट्र लुब्ध झाला होता, ते गेले. तरीही ते बसून भजने गात राहिले आणि लोक ती ऐकत राहिले. १९६४ साली त्यांना ‘पद्मभूषण’ मिळाले, १९६७ साली ते निवर्तले. रूप ओसरले तरी सूर आपलाच राहतो, हे त्यांच्या उत्तरायुष्यातून दिसते.

आता आपल्या घराकडे वळू. वृद्धांची नीटनेटके दिसण्याची इच्छा ही हौस म्हणून हसण्यावारी नेऊ नका. केस विंचरणे, आवडते लुगडे वा सदरा काढून देणे, कवळी आणि चष्मा स्वच्छ ठेवणे ही शुश्रूषाच आहे. ‘पूर्वी किती छान दिसत होता’ हे वाक्य टाळा. आज कोणते वस्त्र नेसावयाचे ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांच्या तरुणपणीची नाट्यपदे वा अभंग मंद आवाजात लावा. श्रवणयंत्र असेल तर ते आधी बसवा. स्मृती क्षीण झालेल्यांनाही जुन्या चाली पुष्कळदा आठवतात. त्यांना गाऊ द्या, चुकले तरी सुधारू नका.

आणि ‘आता ने’ हे शब्द कानावर आले तर विषय बदलू नका. जवळ बसून विचारा : ‘कशाने इतका कंटाळा आला?’ भजनात मन रमत असेल, जेवणखाण व झोप ठीक असेल, नातवंडे आली की चेहरा उजळत असेल, तर ते शब्द श्रद्धेचे असू शकतात. परंतु भूक, झोप, गाणे, माणसे या सर्वांतूनच मन उडाले असेल आणि दोन आठवडे हीच स्थिती राहिली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. वार्धक्यातील औदासीन्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. जीव नकोसा झाल्याचे वा स्वतःला संपविण्याचे बोलणे निघाले, तर एक दिवसही थांबू नका आणि त्यांना एकटे सोडू नका.

वाचकहो, वय झालेले आपण स्वतः असाल, तर आज सायंकाळी दिवा लावण्यापूर्वी एकदा आरशात पाहा. सुरकुत्यांतला तो चेहरा आपलाच आहे. देवापुढे उभे राहण्यास तो पुरेसा आहे.